पंडिता रमाबाई : शांतीची खडतर वाट

मराठीत शांतता आणि शांती असे दोन शब्द आहेत. आपण ते पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांच्यात अंतर आहे. सर वर्गात आले की पसरते ती शांतता. सुनेने निमूटपणे सोसले म्हणजे घरात राहते, गावकीपुढे दुबळ्याने मान खाली घातली म्हणजे गावात राहते, तीही शांतताच. शांती ही याहून निराळी वस्तू आहे. ती गप्प बसून मिळत नाही. मनातले आणि आचरणातले अंतर मिटल्याशिवाय, आणि शेजारी उपाशी असताना आपण जेवतो याची बोचणी संपल्याशिवाय ती माणसाला लाभत नाही. ख्रिस्ती धर्मविचारात या शब्दाला मोठे स्थान आहे. बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू. तिच्यातील शांतीवाचक शब्दात कुशल आणि परिपूर्णता हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. त्याच ग्रंथातील स्तोत्रांत दया, सत्य, न्याय आणि शांती यांची भेट होते अशी कल्पना आढळते. अर्थ उघड आहे. पहिल्या तिघींना वगळून चौथी एकटी कधी येत नाही.

हा विचार ग्रंथात वाचणे सोपे, जगणे फार अवघड. आपल्या महाराष्ट्रात तो ज्यांनी आयुष्यभर जगून दाखवला, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. पाठ्यपुस्तकात शारदा सदन आणि मुक्ती सदन ही दोन नावे जोड्या लावण्यापुरती येतात आणि परीक्षा संपली की विस्मरणात जातात. श्रीपूरहून अकलूज, इंदापूर, भिगवण करीत आपली एस.टी. पुण्याकडे जाते तेव्हा पाटसच्या पुढे चौफुला लागतो. तेथून फाट्याने आत गेले की केडगाव. रमाबाईंच्या आयुष्यातील शेवटची पंचवीस वर्षे या गावी गेली आणि त्यांनी उभारलेली संस्था आजही तेथे चालू आहे. इतक्या जवळच्या या थोर स्त्रीचे चरित्र आपण थोडे बारकाईने पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

वनात लागलेली विद्येची गोडी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कुशीत, आजच्या कर्नाटक राज्यातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याजवळ शिकत. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री शुद्ध वाणीने संस्कृत श्लोक म्हणते आहे, हे ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले की आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी हे होऊ दिले नाही. ती वारल्यावर लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि त्यांना मात्र शास्त्रीबुवांनी संस्कृत शिकवले. आप्त चिडले, गावात चर्चा झाली, उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रीला संस्कृत शिकवण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी तेथे आधारांनिशी मांडले. पुढे गावातील कटकट नको म्हणून ते अरण्यात जाऊन राहिले. रमाबाईंचा गुरू म्हणजे ही आईच. पहाटे घरकाम सुरू होण्यापूर्वी ती लेकीला जवळ घेऊन पाठ देई. अशा रीतीने भागवत आणि व्याकरण रमाबाईंना मुखोद्गत झाले.

घरी येणाऱ्या अतिथींमुळे आणि विद्यार्थ्यांमुळे कर्ज झाले व रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. ती यात्रा पुढे वर्षानुवर्षे संपलीच नाही. देवळात पुराण सांगावे, लोक देतील त्यावर गुजराण करावी आणि पुढच्या क्षेत्राला जावे असा क्रम होता. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा श्रोत्यांच्याच घरी धान्य नव्हते, तेथे पुराणिकाला कोण देणार? कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. भिक्षा मागण्याची सवय नाही, अंगमेहनतीची सवय नाही, अशा स्थितीत प्रथम वडील, पाठोपाठ आई आणि थोड्याच काळात थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. हे दोघे उपाशीतापाशी पायी हिंडत पार काश्मीरपर्यंत गेले. ही वर्षे रमाबाई कधी विसरल्या नाहीत. त्यांच्या पुढील दयेचे मूळ या भुकेत आहे. पोट भरलेल्या माणसाची दया वरून खाली येते. रमाबाईंची दया बरोबरीने चालत आली होती.

मान आणि आघात

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची एक मुलगी पंडितांच्या सभेत अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सन्मान झाला, पण त्याच सुमारास शास्त्रग्रंथांचे सखोल वाचन करताना त्यांना एक गोष्ट टोचू लागली. अनेक बाबतींत ग्रंथकारांचे एकमेकांशी पटत नव्हते. मात्र स्त्री आणि शूद्र यांना हीन लेखण्यात बहुतेकांचे एकमत होते. ज्या विद्येमुळे आपला सन्मान झाला तीच विद्या आपल्या जातीच्या, म्हणजे स्त्रीजातीच्या, माणुसकीला नाकारते हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जात वेगळी. एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विवाह आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागचे धैर्य कळते. १८८१च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती अशी सारी माणसे हरपली. कडेवर तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका हव्यात आणि आजारी स्त्रियांना तपासायला स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडले. त्या काळी पुरुष डॉक्टरपुढे जाण्याच्या लाजेने कित्येक स्त्रिया दुखणे अंगावर काढून मरत. न्यायाची मागणी करताना रमाबाई नेहमी अशी हातात धरता येईल अशी गोष्ट मागत.

विलायतेत : सत्याचा शोध

वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत साधला नाही. वाँटेज या गावी अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे चालवलेले एक आश्रयस्थान त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे शिक्षा नव्हती, उपदेशाचा मारा नव्हता. ममतेने वागवून त्यांना पुन्हा उभे केले जात होते. अशा स्त्रियांविषयी आपल्याकडील शास्त्रात काय सांगितले आहे हे रमाबाईंना पाठ होते. दोहोंतील फरक त्यांच्या मनाला भिडला. ही करुणा येते कोठून, असे विचारता भगिनींनी त्यांना येशूच्या चरित्रातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, परक्या जमातीच्या आणि लोकांनी नावे ठेवलेल्या बाईशी येशू आदराने बोलतो, अशी ती कथा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी पुण्यात पोचताच काहूर उठले. ज्यांनी कालपर्यंत त्यांना सरस्वती म्हटले त्यांनीच पाठ फिरवली. त्या गदारोळात जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली.

धर्मांतर केले म्हणजे रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या पायाशी वाहिली, असे मात्र झाले नाही. मठातील भगिनी जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून मोठा वाद झाला. येशूची शिकवण मान्य. पण बिशपांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानणे त्यांना पटत नव्हते. एका शास्त्र्यांच्या वर्चस्वातून सुटून दुसऱ्या शास्त्र्यांच्या हाती जाण्यास त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. तेथे त्यांनी तरुणांनाही शिकवावे असा विचार निघाला तेव्हा काही बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे भारतात चांगले दिसणार नाही, असा त्यांचा सूर होता. रमाबाईंनी या हरकतीचा निषेध केला. मायदेशी त्यांनी पुरुषांच्या भरल्या सभेत व्याख्याने दिली होती. तेव्हा भारताचे नाव पुढे करून कोणी त्यांना गप्प बसवावे हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. क्रूस गळ्यात घालायचा तर त्यावर लॅटिनऐवजी आपली संस्कृत अक्षरे असावीत, हाही त्यांचा आग्रह होता. विलायतेतही त्यांचे जेवण शाकाहारी आणि वेष साधा देशी होता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाप्तिस्मा घेऊनही आपल्या मनाला शांती लाभली नव्हती, हे त्यांनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने नोंदवले आहे. धर्म सापडला, पण तो देणारा सापडला नाही, अशी त्यांची अवस्था होती, आणि ती सुमारे आठ वर्षे टिकली. धर्म बदलल्याबरोबर सारे प्रश्न सुटले असे सांगणे त्यांना सोपे होते. ऐकणाऱ्यांनाही ते आवडले असते. पण तसे घडले नव्हते, म्हणून त्यांनी तसे लिहिले नाही.

शारदा सदन

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथेच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. अट अशी की ही शाळा कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही. रमाबाईंनी ती अट मान्य केली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवा. याच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० साली सदन पुण्यास आले. डोक्याचे केस काढलेल्या, लाल आलवणातल्या, शुभकार्यात ज्यांचे तोंड पाहणे अशुभ मानत अशा लहानलहान मुली येथे पुस्तक हाती घेऊ लागल्या. त्यांना आपापल्या जातीचे सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते.

आणि १८९३ साली तो प्रसिद्ध वाद पेटला. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. त्यांनी कोणाला बोलावले नव्हते, पण दारही लावून घेतले नव्हते. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. बालवयातील, निराधार, ममतेला भुकेलेल्या मुली ज्यांना आई मानतात त्यांच्यामागे प्रार्थनेला जाऊन बसणारच. दार उघडे ठेवणे हेच एक आमंत्रण होते. पालकांनी सदनाच्या तटस्थतेवर भरवसा ठेवून मुली पाठवल्या होत्या, त्या भरवशाला तडा गेला हे नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, स्वतःच्या राहत्या खोलीत देवाचे नाव घेताना दार लावून घ्या, ही मागणीही चमत्कारिक होती. हिंदू मुलींना त्यांच्या पूजेअर्चेची मोकळीक, आणि सदन चालवणाऱ्या बाईने मात्र आपली श्रद्धा लपवायची! रमाबाईंनी एक दिवस दार लोटून घेतले असते तर राजीनामे थांबले असते, वर्तमानपत्रे थंडावली असती, पुण्यात शांतता झाली असती. ती त्यांनी घेतली नाही. मुली गेल्या तरी चालतील, पण खोटे वागायचे नाही, असा त्यांचा बाणा होता.

माझ्या मते या वादाने दोन चांगल्या गोष्टी घडवल्या. पालकांना धर्माची भीती न वाटता मुली ठेवता येतील अशी संस्था हवी, ही गरज स्पष्ट झाली आणि १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्यास गेला. दुसरे असे की, रमाबाईंनीही यापुढे आडपडदा ठेवला नाही. नंतरचे मुक्ती सदन त्यांनी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच चालवले. येणाऱ्याला ते कळत होते. तटस्थतेच्या नावाखाली जी ओढाताण चालली होती ती संपली. सत्याला उशीर झाला, पण त्याने अखेर जागा मिळवली.

दुष्काळ आणि केडगाव

१८९६ साली मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात मुलाबाळांचे हाल होत आहेत आणि पोरक्या मुलींना फसवून नेणारी माणसे गावोगाव फिरत आहेत, हे ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपण ज्या वाटेने उपाशी चाललो होतो तीच वाट त्यांच्या डोळ्यांपुढे आली असेल. हाताशी पुरेसा पैसा नव्हता. तरी काही महिन्यांत त्यांनी शेकडो मुली आणि तरुण विधवा आणल्या. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांचे होते. या मुलींना मात्र कोणी जात विचारली नाही. भुकेने जात मोडून काढली होती, रमाबाईंनी ती पुन्हा बांधली नाही.

पुण्यात तेव्हा प्लेग. एवढा जमाव शहरात ठेवण्यास सरकारी बंदी झाली. केडगावला रमाबाईंनी आधीच शेतजमीन घेऊन फळबागेचा आरंभ केला होता. तेथे तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या आणि उघड्या माळावर हा संसार मांडला. मुक्ती सदन ते हेच. आपल्या सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ काय असतो हे सांगावे लागत नाही. आज नीरेच्या कालव्याने श्रीपूरच्या आसपास ऊस डोलतो आहे. पण १९७२ साली खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना विचारले तर केडगावच्या माळावर त्या पहिल्या दिवसांत काय चालले असेल, हे पुस्तकापेक्षा अधिक चांगले कळेल. खंगलेल्या मुलींना एकदम पोटभर अन्न देऊन चालत नाही. काहींना रोग जडलेले, काहींना शिव्यांशिवाय दुसरी भाषा ठाऊक नाही, काही भाकरी चोरून उशाखाली ठेवणाऱ्या. अशांना माणसांत आणणे म्हणजे दया. गोड बोलण्यापेक्षा हे काम कितीतरी कष्टाचे होते.

याच प्लेगच्या काळात रमाबाईंच्या न्यायबुद्धीची कसोटी लागली. १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्यावर त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या स्वतःच्या आश्रमातील मुलीच्या बाबतीतला अनुभव त्यात होता. पत्राचा बोभाटा इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नरांनी आरोप नाकारले. राज्य इंग्रजांचे, धर्म इंग्रजांचा, संस्थेला येणारा पैसाही गोऱ्या लोकांचा. अशा वेळी सरकारला दुखवणे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणजे साहेबाच्या झाल्या, असे म्हणणाऱ्यांना हे पत्र पुरेसे उत्तर आहे. १८८९च्या मुंबई काँग्रेसमध्ये हजर राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या, हेही येथे आठवावे.

१९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना दोन वेळ जेवू घालणे हे एखाद्या गावाचा कारभार चालवण्यासारखे होते. रमाबाईंनी भिक्षेवर संस्था उभी केली नाही. देणग्या आल्या, पण हातांनाही काम दिले. शेती, फळबाग, गुरांचा गोठा, हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, धोबीकाम, छापखाना असे अनेक उद्योग मुलीच चालवीत. अंध मुलींना ब्रेल लिपी आणि हातकाम शिकवले जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलहॅममध्ये पाहिलेले दृश्य असे केडगावात उतरले. विधवेला आश्रय द्यावा, असे पूर्वीही काही लोक म्हणत होते. तिच्या हाताला धंदा देऊन तिला कोणाच्या उपकारावर न ठेवणे, ही रमाबाईंची विशेष दृष्टी. दया आणि न्याय यांचा सांधा येथे जुळलेला दिसतो. दयेने अन्न मिळते, न्यायाने ते मिळवण्याचा हक्क मिळतो.

अखेरचे कार्य

पंडिता ही पदवी रमाबाईंनी शेवटपर्यंत सार्थ केली. त्या वेळचे मराठी बायबल आपल्या आश्रमातील खेड्यातल्या मुलींना समजत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. जे समजत नाही ते पवित्र म्हणून पाठ करायचे, हा प्रकार त्यांनी बालपणापासून पाहिला होता. म्हणून उतारवयाकडे झुकत असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा अभ्यासल्या आणि सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही सारी कामे मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी केली. नवा करार १९१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या विद्येसाठी वडिलांना सभेपुढे उभे राहावे लागले, ती विद्या लेकीने अशा रीतीने अडाणी बायाबापड्यांच्या ओंजळीत टाकली.

मनोरमा आईच्या बरोबरीने संस्थेचा भार वाही. केडगावच्याच लोहमार्गावर, सोलापूरच्या पलीकडे गुलबर्ग्यास मायलेकींनी मुलींची शाळाही काढली होती. आपल्यामागे कन्या हे कार्य सांभाळील असे रमाबाईंना वाटत होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई चाळिशीतच निवर्तल्या. उरलेली एक व्यक्तीही अशी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. ते पूर्ण झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रकाशित झाले. सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले होते. स्वतंत्र भारताने १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक केडगावच्या माळावरच आहे.

उपसंहार

रमाबाईंचे आयुष्य पाहता एक प्रश्न पडतो. शांतीचा ध्यास घेतलेल्या या बाईच्या वाट्याला एवढे वाद का आले? शास्त्री रागावले, बिशप रागावले, सुधारक दुरावले, सरकारने कानांवर हात ठेवले. याचे उत्तर त्यांच्या आचरणातच आहे. बाहेरच्या शांततेसाठी आतली शांती विकायला त्या कधीच तयार झाल्या नाहीत. जेथे त्यांचे पाऊल चुकले असे आपल्याला वाटते, तेथेही स्वार्थ दिसत नाही. त्यांचा धर्म सर्वांना पटेल असे नाही, पटावा अशी अपेक्षाही नाही. पण भुकेल्याला जात विचारायची नाही, पटले नाही ते मोठ्यांनाही सांगायचे, आणि आपल्या उपकारकर्त्याच्या हातून अन्याय झाला तर तोही उजेडात आणायचा, या तीन गोष्टींना कोणत्या धर्माची हरकत असेल?

आपल्या महाविद्यालयात आज मुलांच्या बरोबरीने मुली शिकतात. त्यांपैकी कित्येकजणी वाडीवस्तीवरून एस.टी.ने येतात, घरची धुणीभांडी उरकून येतात. बारावीनंतर लग्न ठरल्यामुळे वर्गातून दिसेनाशा होणाऱ्याही असतात आणि त्याविषयी आपण सारे शांतता पाळतो. कोणाच्या घरात कशाला बोला, असे म्हणून विषय संपतो. रमाबाईंचे चरित्र वाचल्यावर ही शांतता थोडी तरी बोचली, तर ते वाचन कारणी लागले असे म्हणता येईल. अशा एखाद्या मैत्रिणीच्या घरी जाऊन, तिच्या वडिलांशी आदराने पण स्पष्ट बोलून, निदान तिचे पदवीचे वर्ष पुरे होऊ द्या एवढे सांगण्याचे धाडस आपल्यापैकी दोघांतिघांनी केले, तर केडगावच्या त्या विदुषीला यापेक्षा चांगले अभिवादन ते कोणते?